कडेवरचा मासा

मासे पकडण्याला मराठीत सरसकट 'मासेमारी' म्हणतात. त्या शब्दात 'मारणं' आधीच येऊन बसलेलं आहे. कोकणात आणि आमच्या गोव्यात मात्र आणखी एक क्रियापद चालतं, गरवणं. गरी म्हणजे घाटावरचे लोक ज्याला गळ म्हणतात तो. गरी घेऊन खाडीच्या काठावर जायचं, मासा लागला तर लागला, नाही तर संध्याकाळ झाली की घरी यायचं. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर रेडफिश नावाचा मासा कयाकमधून, पिसांच्या नकली आमिषावर पकडतात. त्या खेळाला 'मासेमारी'पेक्षा 'गरवणं' हाच शब्द शोभेल, कारण तिथे पकडलेला मासा पुष्कळदा परत पाण्यात सोडला जातो. मी लुईझियानाला गेलेलो नाही. पण दहावीच्या सुट्टीत या प्रकाराचा एक व्हिडिओ बघितला, मग दुसरा, मग त्यावरची पुस्तकं आणि सरकारी अहवाल शोधायची सवय लागली. घरचे विचारतात, याचा बी.ए. मराठीशी काय संबंध? संबंध आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

आधी माशाची ओळख करून घेऊ. याचं पुस्तकातलं नाव रेड ड्रम, शास्त्रीय नाव सायीनॉप्स ऑसेलेटस. चिंचेने नुकतंच घासलेलं तांब्याचं भांडं उन्हात ठेवलं की जो रंग दिसतो, तो याच्या पाठीचा रंग. शेपटीच्या बुंध्याशी एक ठसठशीत काळा ठिपका असतो, एखाद्या माशाला दोन-चार किंवा त्याहून जास्तही. 'ऑसेलेटस' म्हणजे लॅटिनमध्ये 'छोटे डोळे असलेला'. हा ठिपका डोळ्यासारखा दिसतो, त्यामुळे हल्ला करणारा शेपटीलाच डोकं समजून फसतो असं मानलं जातं.

आणि 'ड्रम' का? कारण हा मासा खरोखर ढोल वाजवतो. पोटात हवेची एक पिशवी असते, तिच्या बाजूचे स्नायू भराभर आकसून तो तिच्यावर ठेका धरतो. विणीच्या दिवसांत नर असे घुमतात. सायीनिडी नावाच्या ज्या कुळातला हा मासा आहे, ते कुळ आपल्या ताटात रोजचं आहे. ढोमा त्यातलाच, कोथ त्यातलाच, गोव्यातला दोडयारो त्यातलाच आणि घोळही त्यातलीच. हो, तीच घोळ, जिच्या पोटातल्या पिशवीला परदेशात सोन्यासारखा भाव येतो आणि जिला २०२३ मध्ये गुजरातने राज्यमासा म्हणून जाहीर केलं. २०२१ मध्ये पालघरकडच्या एका मच्छीमाराला एकाच खेपेला दीडशेहून जास्त घोळी मिळाल्या आणि त्यांचे कोटीच्या वर पैसे झाले, ती बातमी पुष्कळांना आठवत असेल. तेव्हा रेडफिश म्हणजे कोणी परका पाहुणा नाही. आपल्याच घोळीचा सातासमुद्रापारचा भाऊबंद समजा.

त्याच्या आयुष्याचे दोन भाग पडतात. उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमाराला, मोठे मासे खाड्यांच्या मुखाशी जमून अंडी घालतात. अंडी तरंगतात. त्यातून निघालेली पिल्लं भरतीच्या पाण्याबरोबर आत, उथळ खाऱ्या दलदलीत जातात आणि पुढची तीन-चार वर्षं तिथेच वाढतात. नंतर ती समुद्रात मोठ्या थव्यांत जाऊन राहतात आणि चाळीस-चाळीस वर्षं जगतात. आतापर्यंत गळाला लागलेल्या रेडफिशपैकी सर्वांत मोठ्याचं वजन जवळपास ४३ किलो होतं, तो १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर मिळाला. पण कयाकवाल्यांना जो मासा हवा असतो तो दलदलीत राहणारा, दोन-तीन-चार किलोचा, कॉलेजच्या वयाचा म्हणा हवं तर.

ही दलदल कशी असते? गोव्यात राहणाऱ्याला 'खाजण' म्हटलं की बांध, मानस, मानशीच्या दारातून धावणारं पाणी आणि कडेने खारफुटीची झाडं आठवतात. लुईझियानाच्या खाजणात झाडं जवळजवळ नाहीत. आहे ते गवत, मैलोन् मैल, कमरेएवढं उंच. स्पार्टिना म्हणतात त्याला. दुरून श्रावणातली भातशेती वाटावी. फरक असा की या शेतात मधेमधे तळी आहेत, तळ्यांना जोडणारे नागमोडी ओहोळ आहेत, आणि पायाखाली जमीन म्हणावी असं फारसं काही नाही. माणूस उतरला तर मांडीपर्यंत रुततो. गवताच्या मुळांमध्ये कोळंबी, म्हणजे आमची सुंगटं, लपलेली असतात. लहान कुर्ल्या असतात. रेडफिश गवताच्या अगदी कडेकडेने, कधी वीतभर पाण्यात, पाठ उघडी पडली तरी पर्वा न करता त्यांना हुडकत फिरतो. गवत आणि पाणी जिथे भेटतात ती कड त्याची खानावळ आहे. ही कड लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

सगळ्या किनाऱ्यावर पाणी सारखं वागत नाही. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या बाजूला आपल्यासारखीच दिवसातून दोनदा भरती येते, आणि ती चांगली पुरुषभर चढते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी भरती तर एरवी कोरड्या असणाऱ्या उंच सपाटीवरही पाणी नेते. तिथे फिडलर खेकड्यांची बिळं असतात. आपल्याकडे खारफुटीच्या चिखलात एकच नांगी भलीमोठी असलेले इवलेसे खेकडे दिसतात ना, तेच. दीड-दोन तास पाणी वर राहतं, तेवढ्यात रेडफिश आत घुसतो, डोकं चिखलात खुपसून खेकडे उकरतो आणि त्याची शेपटी पाण्याबाहेर येऊन झेंड्यासारखी हलते. लुईझियानात असं नाही. तिथे भरती दिवसाला साधारण एकदाच, आणि तीही फूटभर. तिथे खरी सत्ता वाऱ्याची. हिवाळ्यात उत्तरेचा थंड वारा सुटला की तो दलदलीतलं पाणी समुद्रात ढकलून देतो, तळी उथळ आणि स्वच्छ होतात. दक्षिणेचा वारा पाणी परत आणतो. त्यामुळे तिथला गरवणारा माणूस पंचांगाआधी वारा बघतो.

आता फ्लाय फिशिंग. फ्लाय म्हणजे माशी, पण हे भाषांतर इथे फसवं आहे. नद्यांमध्ये ट्राउट पकडताना खरोखर माशीची नक्कल करत, नाव तिथून आलं. रेडफिशसाठीची फ्लाय कोळंबीची, खेकड्याची किंवा लहान माशाची नक्कल करते. ती हरणाच्या शेपटीचे केस, पिसं, चमकते धागे गरीवर दोऱ्याने बांधून हाताने तयार करतात. या फ्लाईज म्हणजे लोककलाच आहे, त्यांना निर्मात्यांची नावं आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात बनवलेली क्लाउझर मिनो बघा. तिच्या डोळ्यांच्या जागी धातूचे दोन जड मणी असतात. त्यांच्या वजनाने गरी उलटी होते, टोक वर राहतं आणि गवतात अडकत नाही. मूळ बनवली गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी, पण आता खाऱ्या पाण्यातही ती प्रत्येकाच्या डबीत असते. लेफ्टी क्रे यांची डिसीव्हर, म्हणजे 'फसवी', इतकी प्रसिद्ध झाली की १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं.

या प्रकारातली खरी गंमत फेकण्यात आहे. आपण साधी गरी फेकतो तेव्हा टोकाला बांधलेलं शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लायला तर वजनच नसतं. म्हणून इथे उलटं करतात, दोरीच जड बनवतात. रेडफिशसाठी साधारण 'आठ नंबर'ची काठी आणि लाईन वापरतात. आठ नंबर याचा अर्थ लाईनीच्या पहिल्या नऊ मीटरचं वजन साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. काठी मागे नेली की ही लाईन हवेत मागे उलगडते. ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग काठी पुढे आणायची. तिथे थांबता आलं नाही तर चाबकासारखा आवाज होतो आणि सगळं आपल्याच डोक्यावर येऊन पडतं. लाईनीच्या पुढे नऊ-दहा फुटांचा पारदर्शक धागा, त्याच्या टोकाला फ्लाय. आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सरळ कोळंबी लावा गरीला. जेवणासाठी मासा हवा असेल तर अगदी बरोबर आहे. पण वीतभर पाण्यातल्या सावध माशाच्या पुढ्यात शिशाचा गोळा 'डुबुक' करून पडला तर तो क्षणात पसार होतो. फ्लाय मात्र वाळलेल्या पानासारखी पडते.

आणि कयाक. हा शब्द आणि ही होडी आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ती बनवत, आणि तिचं मुख्य काम होतं शिकारीच्या जवळ आवाज न करता पोचणं. आज ती प्लास्टिकची झाली आहे, आपल्याकडे चोडणच्या खारफुटीत पर्यटक फिरवतात तशी, पण काम बदललेलं नाही. लुईझियानात व्यावसायिक वाटाडे जी इंजिनाची उथळ होडी वापरतात, तिच्या मागच्या बाजूला इंजिनावर एक मचाण असतं. वाटाड्या त्यावर उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो आणि उंचावरून मासा बघतो. तशी होडी म्हणजे घर बांधण्याइतका खर्च. कयाक त्याच्या एका अंशात येते. शिवाय जिथे ती होडी तळाला टेकते, त्या आतल्या छोट्या तळ्यात कयाक चार बोटं पाण्यावरून सरकत जाते.

पण कयाकची अडचण अशी की दिसत नाही. या खेळात ऐंशी टक्के काम डोळ्यांचं आहे. (हा आकडा कुठल्या संशोधनातला नाही, माझा आहे.) कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम हातभर-दोन हात वर असतात. तिथून पाणी म्हणजे नुसता आरसा, त्यात आकाश दिसतं. म्हणून लोक रुंद, जवळजवळ तीन फूट रुंदीची कयाक घेतात आणि तिच्यात उभे राहतात. पोलराइज्ड चष्मा लागतोच, कारण तो पाण्यावरची चकाकी कापतो. सूर्य पाठीमागे ठेवायचा, टोपीची झडप खाली ओढायची, आणि बघायचं. काय बघायचं? मासा बहुतेक वेळा माशासारखा दिसतच नाही. शांत तळ्यात एका जागी पाणी उगाच थरथरतं. कडेला दोन-तीन कोळंब्या भेदरल्यासारख्या हवेत उडतात. गवताची चार पाती वारा नसताना हलतात. पाण्यात इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची लाट स्वतःच चालत येते. आणि कधी फक्त तांबूस रंगाचा एक डाग, जो तळाचा नाही एवढंच कळतं. एका व्हिडिओत एक म्हातारे गृहस्थ दहा मिनिटं काहीच करत नाहीत, नुसते उभे असतात. पहिल्यांदा बघताना मी ते पुढे ढकललं होतं. आता मला तोच भाग सगळ्यात आवडतो.

मासा दिसला की दुसरी अडचण येते. वल्हं धरायला दोन हात लागतात आणि फ्लायची काठी चालवायलाही दोन. माणसाला हात दोनच. वल्हं खाली ठेवलं रे ठेवलं की वारा कयाकचं तोंड फिरवतो. म्हणून अनुभवी लोक एक लांब सळी बरोबर ठेवतात, ती चिखलात रोवून कयाक तिला बांधतात. सळी कयाकच्या अंगावर आपटली तर संपलंच. पोकळ प्लास्टिक ढोलासारखं वाजतं, आणि ढोलाच्या आवाजाबद्दल या माशाला आपल्यापेक्षा जास्त कळतं. दहा-बारा मीटरवर थांबायचं. लाईन पायाशी मोकळी सोडलेली असते, ती सीटला, बाटलीला, चपलेच्या पट्ट्याला, मिळेल त्याला अडकते. बरेच लोक याच कारणासाठी कयाक रिकामी ठेवतात आणि अनवाणी उभे राहतात.

फेकताना फ्लाय माशाच्या डोक्यावर पाडायची नाही. तो ज्या दिशेला चालला आहे तिकडे दोन-तीन फूट पुढे. रेडफिशचं तोंड खालच्या बाजूला झुकलेलं असतं, तो तळावरचं खाणारा, म्हणून फ्लाय त्याच्या पुढ्यात आणि खाली हवी. नंतर डाव्या हाताने लाईन थोडी थोडी ओढायची म्हणजे फ्लाय पळू लागते. पळायला हवी त्याच्यापासून लांब. जगात कुठलीच कोळंबी स्वतःहून माशाच्या तोंडावर धावून जात नाही, आणि गेली तर मासाच घाबरतो. त्याने फ्लाय घेतली की सगळ्यांना काठी वर झटकायचा मोह होतो. तसं केलं तर फ्लाय तोंडातून निसटते. काठी खालीच ठेवून हाताने लाईन जोरात ओढायची, गरी बसते. मग मासा धावतो आणि कयाक त्याच्यामागे ओढली जाते. चार किलोचा मासा माणसासकट होडीला तळ्यातून फिरवतो, आणि ते दृश्य बघून हसू येतं. धोका मात्र खरा आहे. तळाशी कालवांचे धारदार थर असतात, धागा त्यांना घासला की तुटतो. पाणी स्वच्छ असण्याचे चांगले दिवस थंडीतले, आणि थंड पाण्यात पडलेल्या माणसाला ज्या चिखलात उभंही राहता येत नाही तिथून परत चढणं कठीण. लाइफ जॅकेट न घालता जाणारे शूर तिकडेही आहेत, आपल्याकडेही आहेत.

मासा जवळ आला की ओल्या हाताने, आडवा धरायचा, गरी काढायची, आणि जमेल तितक्या लवकर सोडायचा. नियम असा की १८ ते २७ इंचांमधलेच मासे ठेवता येतात, दिवसाला चार. २७ इंचांवरचा मासा परत सोडावाच लागतो. लुईझियानात हा नियम जून २०२४ पासून आहे. त्याआधी पाच मासे चालत आणि त्यातला एक मोठाही असला तरी चालायचं. मोठे मासे म्हणजे अंडी घालणारे, चाळीस वर्षांच्या आयुष्याचे धनी. ते वाचले तर पुढची पिढी. हा हिशोब त्या लोकांना सहजासहजी कळलेला नाही, आणि त्याची गोष्ट एका स्वयंपाकघरातून सुरू होते.

न्यू ऑर्लिन्समध्ये पॉल प्रूडोम नावाचे शेफ होते. १९७९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने के-पॉल्स नावाचं हॉटेल उघडलं. तिथे ते रेडफिशचे तुकडे लोण्यात बुडवून, मिरची-मसाला फासून, तापून लाल झालेल्या बिडाच्या तव्यावर टाकत. मसाला जळून काळा व्हायचा, धुराने स्वयंपाकघर भरायचं. या पदार्थाचं नाव ब्लॅकन्ड रेडफिश. रवा लावून तव्यावर मासा परतणाऱ्या आपल्या आयांना यात नवल वाटणार नाही, पण अमेरिकेला वेड लागलं. काही वर्षांतच देशभरच्या हॉटेलांत तो मिळू लागला. तोवर रेडफिशला मोठी मागणी नव्हती. आता मोठ्या जाळ्यांच्या बोटी आखातात गेल्या आणि समुद्रातले थवेच्या थवे, म्हणजे नेमके अंडी घालणारे म्हातारे मासे, एकेका खेपेत उचलू लागल्या. १९८६-८७ मध्ये सरकारला खोल समुद्रातली रेडफिशची पकड थांबवावी लागली, ती बंदी आजही आहे. टेक्ससने १९८१ मध्येच आपल्या किनाऱ्यावरच्या रेडफिशची विक्री बंद केली होती. लुईझियानाने १९८८ मध्ये त्याला 'गेम फिश', म्हणजे फक्त हौसेने गरवण्याचा मासा ठरवलं. आज हॉटेलात जो रेडफिश मिळतो तो बहुतेक तळ्यांत वाढवलेला, आणि त्यांचं सर्वांत मोठं उत्पादन चीनमध्ये होतं. या बंदीत ज्यांची पोटं जाळ्यावर होती त्यांचं नुकसान झालं आणि हौशी लोकांचं फावलं, हे मान्य करायला हवं. पण मासा वाचला, तेही खरं.

इथे थांबलो असतो तर ही एक आनंदाची गोष्ट झाली असती. पण आता कडेकडे परत यायचं आहे.

लुईझियानाचा दलदलीचा किनारा मिसिसिपी नदीने आणलेल्या गाळाचा आहे. हजारो वर्षं नदी पुराच्या वेळी पसरायची, गाळ टाकायची, जमीन वर यायची. गाळाची जमीन स्वतःच्या वजनाने खचतही असते, पण नवा गाळ ती तूट भरून काढायचा. १९२७ च्या महापुरानंतर नदीला दोन्ही बाजूंनी पक्के बांध घातले गेले. गावं वाचली. गाळ मात्र थेट आखाताच्या खोल पाण्यात जाऊ लागला. त्यात तेल कंपन्यांनी दलदलीतून सरळ रेषेत कालवे खणले, हजारो किलोमीटर. त्यातून समुद्राचं खारट पाणी आत शिरलं आणि गोड्या पाण्यातलं गवत मेलं. वरून वादळं, आणि वर चढणारा समुद्र. १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनाऱ्यावरची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्यात गेली. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत आणि समुद्रापासून घाटापर्यंत सगळा गोवा नाहीसा झाला, आणि वर आणखी एक हजार, असं समजा.

मग मासे कमी झाले असतील? नाही, आणि या सगळ्या विषयातलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं हेच आहे. पोई घ्या. अख्ख्या पोईला भोवताली एकच कड असते. तिचे चार तुकडे केले की कड वाढते, आठ केले की आणखी वाढते. चहात पडलेल्या पोईचं तसंच होतं, पहिल्यांदा पुष्कळ तुकडे, पुष्कळ कडा. दलदल फुटते तेव्हा एकसंध गवताचे तुकडे होतात, मधे नवी तळी तयार होतात, आणि गवत-पाण्याची कड वाढत जाते. कोळंबीला कड हवी, कुर्लीला कड हवी, म्हणून रेडफिशलाही हवी. कुजलेलं गवतसुद्धा त्या साखळीत अन्नच होतं. म्हणजे दलदल मरत असताना काही काळ तिथलं गरवणं उलट बहरतं. आणि एका टप्प्यानंतर तुकडे इतके लहान होतात की ते विरघळायला लागतात. मग कड झपाट्याने कमी होते, उरतं ते उघडं पाणी. शास्त्रज्ञ हे कित्येक दशकं सांगत आहेत. कयाकमधल्या माणसाला जी सुंदर, चक्रव्यूहासारखी तळी दिसतात, ज्यांचे व्हिडिओ बघून मी इथे बसून हरखतो, त्यातली कितीतरी तळी ही जखमा आहेत.

उपाय माहीत नाही असंही नाही. नदीच्या बांधाला दार पाडायचं, आपल्या मानशीसारखंच पण अजस्र, आणि गाळाचं पाणी पुन्हा दलदलीत सोडायचं. न्यू ऑर्लिन्सच्या दक्षिणेला, बॅरटेरिया नावाच्या भागात, असा जवळजवळ तीन अब्ज डॉलरचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. पैसा २०१० च्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीच्या भरपाईतून येणार होता. पण नदीचं गोडं पाणी आत आलं की कालवं मरतात आणि कोळंबी दूर जाते. त्यामुळे कालवं काढणाऱ्यांनी आणि कोळंबीच्या बोटवाल्यांनी कडाडून विरोध केला. खर्च वाढला, कोर्टकज्जे झाले, आणि जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला. विरोध करणाऱ्यांवर रागावणं मला जमत नाही. पन्नास वर्षांनी उगवणाऱ्या गवतासाठी यंदाच्या बोटीचा हप्ता कोणी सोडावा? तरीही वाटतं की पाच माशांचे चार करणं हे त्या मानाने सोपं काम होतं. नियमाच्या पुस्तकात मासा मावतो, गवत मावत नाही.

बायू लाफूर्श या ओहोळावरच्या लीव्हिल नावाच्या गावात एक जुनी दफनभूमी आहे. फ्रेंच वंशाच्या कॅथलिक कुटुंबांची ही सगळी वस्ती. कोळंबीचा हंगाम सुरू होताना पाद्री येऊन बोटींवर तीर्थ शिंपडतात, अशा चालीरीतींची. तिथली बरीच थडगी आज पाण्याखाली आहेत. आपण दोन नोव्हेंबरला फुलं आणि मेणबत्त्या घेऊन सिमितेरीत जातो, तिथल्या काही घरांना त्यासाठी होडी लागेल.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सागरी नकाशे काढणाऱ्या सरकारी विभागाने मिसिसिपीच्या मुखाजवळच्या प्लॅकमिन्स परगण्यातली तीसेक नावं नकाशावरून काढून टाकली. त्यात यलो कॉटन बे हे एक नाव होतं. बे म्हणजे उपसागर, पाणीच. पाणी तर अजून तिथे आहे, आधीपेक्षा जास्तच आहे. नाव काढावं लागलं, कारण त्या पाण्याच्या भोवती कडच उरली नव्हती.